रिकामी काठी

मार्गशीर्ष लागला की आधी माझ्या टाचा फुटतात, मग माझं कॅलेंडरकडे लक्ष जातं. यंदाही तसंच झालं. जुळे सोलापुरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर थंडी फारशी शिरत नाही, दारं-खिडक्या लावल्या की बिचारी बाहेरच थांबते. पण एके दिवशी सुनेनं तीळ भाजायला घेतले, तो खमंग वास बाहेरच्या खोलीत आला, आणि माझ्या हातातला ज्वारीचा हुरडा तसाच राहिला. संध्याकाळी गच्चीवर गेले तर दुरून ‘हर्र बोला हर्र’ ऐकू आल्यासारखं वाटलं. कसब्यातली आमची जुनी गल्ली इथून कितीतरी लांब आहे. तिथला आवाज इथं पोचणं शक्य नाही हे मला कळतं. तरी मी कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिले. सुनेनं हाक मारली तेव्हा खाली आले.

सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्याला सांगते. संक्रांतीला आमच्याकडे सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. त्या दिवसांत ‘हर्र बोला हर्र’च्या गजरात नंदीध्वज निघतात. आम्ही साधं ‘काठी’ म्हणतो. काठी म्हणजे दुमजली घराच्या वर जाईल एवढा बांबू, सजवलेला, वरून भारी. कमरेला चामड्याचा पट्टा बांधायचा, त्यात काठीचा बुंधा बसवायचा आणि एकट्यानं ती पेलत गावातून चालायचं. सावरायला आजूबाजूला माणसं असतात. एकाची कंबर थकली की दुसरा घेतो. पण जितका वेळ ती तुमच्या कमरेत आहे तितका वेळ ती तुमची. असं ते असतं.

आणि त्यासाठी दसऱ्यापासून गल्लीत सराव चालतो.

मी लग्न होऊन कसब्यात आले तेव्हा सोलापुरात मार्शल लॉ येऊन गेल्याला तीनेक वर्षं झाली होती. लोक अजून त्याबद्दल आवाज खाली करून बोलत. मी सोळा वर्षांची होते, माहेर वळसंगचं. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि डोक्यात हवा. आमच्या ह्यांचं धान्याचं लहानसं दुकान होतं. सासरे काठी पेलत असत. हे बारा वर्षांचे असताना ते वारले. सासूबाईंनी, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, सासऱ्यांची पांढरी बाराबंदी कडुनिंबाचा पाला घालून पेटीत जपून ठेवली होती. ती अंगात घालून एकदा तरी काठी पेलायची, ह्यांची इच्छा म्हणाल तर एवढीच. दुकान वाढवावं, शेत घ्यावं, असलं काही त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याला गल्लीतल्या बसप्पाकाकांनी ह्यांना सरावाला घेतलं. काका म्हणजे काठीचे मास्तर. सत्तरीचा म्हातारा, बांबूसारखाच किडकिडीत, पण त्यांनी नुसतं खाकरलं तरी दहा माणसं जागच्या जागी थांबत. नव्या माणसाला ते सरळ काठी देत नसत. पहिलं वर्ष नुसतं सोबत चालायचं आणि रिकामी काठी पेलायची. रिकामी म्हणजे नुसता बांबू, वर काही नाही. दुसऱ्या वर्षी वजनाची काठी, तिच्या शेंड्याला वाळूच्या पिशव्या बांधलेल्या. त्यानंतर मग खरी. रोज आधी कमरेला आणि मांड्यांना तेल लावून रगडायचं, बैठका मारायच्या, अंग गरम झाल्याशिवाय पट्टा बांधायचा नाही. पट्ट्याखाली धोतराची घडी घालायची. नजर शेंड्यावर ठेवायची, पायाकडे बघायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे कंबर थरथरली की लगेच ‘साकु’ म्हणायचं. साकु म्हणजे कानडीत पुरे. तो शब्द निघाला की चार हात पुढे येऊन काठी उचलून घेत. काका म्हणत, साकु म्हणायला लाजतो त्यानं माझ्या गल्लीत यायचं नाही.

हे सगळं मला ह्यांनीच सांगितलं. रात्री जेवताना सांगत, सकाळी दुकानाला निघताना सांगत. रिकाम्या काठीवर हे इतके खूश होते की मला त्याचं नवल वाटे आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येई. आज किती पावलं गेलो, कंबर कुठं थरथरली, कितव्या पावलाला साकु म्हणालो, हे ते शाळेतल्या पोरानं गुण सांगावेत तसं सांगत. मी मनात म्हणे, नुसत्या बांबूचं काय एवढं कौतुक.

आता विचार करते तेव्हा वाटतं, मला तरी भाकरी कशी आली होती? आईनं सहा महिने मला लिंबाएवढाच गोळा दिला होता. मोठा मागितला की ती माझ्या बोटांवर हळूच चापट मारी. हात भाजला, भाकरी तुटली, मग हळूहळू गोळा मोठा होत गेला. कुणी मला हसलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात शिकायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत होतं. पुरुषाच्या बाबतीत मात्र मी ते विसरले. नवरा म्हणजे त्याला सगळं आधीच यायला हवं, असं मला कुणी शिकवलं होतं देव जाणे.

दिवाळसणाला आम्ही वळसंगला गेलो. परसात चुलीवर पाणी तापत होतं, शेजारच्या चार बायका नव्या जावयाला बघायला आल्या होत्या, आणि माझी मोठी वहिनी सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, तुझा नवरा काठी शिकतोय म्हणं, यंदा उचलणार का? वहिनीचा भाऊ अक्कलकोटकडचा नावाजलेला पैलवान होता. ती त्याच्याविषयी सतत बोले. माझ्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. शिकतायत अजून, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या बायका बघत होत्या, आणि वहिनीच्या चेहऱ्यावर ते हसू होतं.

“यंदा उचलणार की,” मी म्हणाले.

वहिनीनं लगेच सगळ्यांना सांगितलं. मग अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, ठरवूनच टाकलं की संक्रांतीला सगळे गाडी जुंपून सोलापूरला जायचं आणि दाजींची काठी बघायची. हे ओसरीवर पान खात बसले होते. त्यांच्यापर्यंत बातमी गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. परत येताना गाडीत मला वाटलं आता बोलतील. पण ते रस्त्याकडेची तूर बघत बसले आणि मी गाडीतल्या फराळाच्या डब्यावर हात ठेवून झोपेचं सोंग घेतलं.

मार्गशीर्षातल्या त्या संध्याकाळी मी कधीच विसरणार नाही. गिरणीचा भोंगा झाला की गल्ली भरायला लागे. कुणी हातपाय धुऊन येई, कुणी तसाच कापसाचे तंतू केसांत घेऊन येई. समोरच्या पद्मशाली घरातला हातमाग तेवढा वेळ थांबे. त्या घरातली म्हातारी तेलुगूत काहीतरी म्हणत दाराशी येऊन बसे. गरम केलेल्या तेलाचा वास, धूळ, थंडीत पुरुषांच्या अंगातून निघणारी वाफ. मग काका खाकरत आणि रिकामी काठी उभी राही. ह्यांच्या कमरेत ती बसली की मी दाराच्या फळीआडून बघे. त्यांचे पाय सावकाश पुढे पडत आणि बांबूचा शेंडा वर आकाशात हळूच डुले. पंधरा-वीस पावलांनी ‘साकु’ ऐकू येई. तो शब्द ते अगदी सहज म्हणत, जेवताना म्हणावा तसा. मला त्या शब्दाची लाज वाटे. ह्यांनी तो म्हणायच्या आधी मी घरात निघून जाई.

पौष लागला आणि संक्रांतीचं वाण घेऊन अण्णा आला. गूळ, बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे. बाजाराची कामं होती म्हणून दोन दिवस राहणार होता. संध्याकाळी सराव सुरू झाला तेव्हा तो आमच्या दाराशी उभा राहिला आणि मी त्याच्या मागे. ह्यांनी रिकामी काठी घेतली, चालले, थांबले, साकु म्हणाले. घाम पुसत दाराशी आले. अण्णा मनानं वाईट नव्हता, पण थट्टेचं तोंड त्याला आवरत नसे.

“दाजी, काठी चांगली हाय,” तो म्हणाला. “ह्याच्यावर धोतरं वाळत घालायची का लुगडी?”

मी हसले.

नुसतं तोंडाला पदर लावून नाही, चांगली खळखळून हसले. तेव्हा भावाची थट्टा मला फार आवडायची. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं, मी घाबरले असते, गप्प बसले असते, कदाचित दुसऱ्या दिवशी काही बोलले असते. ते जरासे हसले आणि हात धुवायला मोरीकडे गेले. त्या रात्री जेवताना त्यांनी पावलं सांगितली नाहीत. मलाही विचारावंसं वाटलं नाही, कारण अण्णा सोबत जेवत होता.

दुसऱ्या दिवशी बसप्पाकाका पाहुण्यांना उतरवून घ्यायला होटगी स्टेशनवर गेले होते. गाडीला उशीर झाला होता म्हणे. संध्याकाळी गल्लीत माणसं जमली आणि हे वजनाच्या काठीजवळ जाऊन पट्टा बांधायला लागले. कुणीतरी विचारलं, काकांनी परवानगी दिली का? हे म्हणाले, दिली. मी दारात होते. ते खोटं बोलतायत हे मला लख्ख कळलं. सकाळीच ते मला म्हणाले होते की काका अजून पुढच्या दसऱ्याशिवाय वजनाला हात लावू देणार नाहीत. मला फक्त मोठ्यानं एवढंच म्हणायचं होतं की अहो, काका येऊ देत. चार शब्द. पण माझ्या शेजारी अण्णा उभा होता आणि तो म्हणत होता, आता बघ दाजींचं. मीही बघितलं.

त्या दिवशी त्यांनी बैठका मारल्या नव्हत्या. तेलही घाईघाईत लावलं होतं. हे मला आत्ता आठवतं, तेव्हा दिसूनही दिसलं नव्हतं.

काठी उभी राहिली. वरच्या वाळूच्या पिशव्यांनी शेंडा एका बाजूला झुकला आणि सरळ झाला. हे चालायला लागले. चार, पाच, सहा. सातव्या पावलाला गुडघे थरथरताना मला दारातून दिसले. बाजूचा माणूस म्हणाला, “साकु का?” ह्यांनी मान हलवली. आठ, नऊ. पुन्हा त्यानं विचारलं, पुन्हा मान हलली. माझ्या तोंडात तो शब्द आला होता. ज्याची मला महिनाभर लाज वाटली तोच शब्द. अकराव्या पावलाला ते मध्येच बसले. कंबर मोडून बसावं तसे. चार जणांनी काठी धरली म्हणून कुणाच्या अंगावर गेली नाही.

लगेच उठलेही. हसले, धूळ झटकली, अण्णाला म्हणाले की अकरा पावलं झाली की. अण्णानं पाठ थोपटली. ती थोपटताना ह्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते फक्त मी बघितलं. रात्री हे कुशीवर वळले नाहीत. सकाळी उठायला गेले तर कमरेखालचं अंग हलेना. आत्याबाई पेटीपाशी बसून होत्या. आदल्या दिवशी त्यांनी बाराबंदी बाहेर काढून उन्हात घातली होती. त्यांनी ती घडी करून परत पाल्यात ठेवली.

हाडवैद्य आला. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर आले. फळीवर निजवा, दीड महिना उठवू नका, आणि पुढे जन्मभर जड उचलायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मी गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेकत बसे. वाळूनंच घात केला होता आणि वाळूनंच शेकायचं होतं. बसप्पाकाका रोज येऊन उशापाशी बसत. एकदा त्यांना राहवलं नाही.

“साकु म्हणायला काय झालं हुतं रं तुला?”

“सुचलं न्हाय काका,” हे म्हणाले. छताकडे बघत म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

माझी पहिली संक्रांत तशीच झाली. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, बायकांनी भरलेली बाहेरची खोली. मी हलव्याच्या बिंदीत नि बांगड्यांत बसले होते, आणि आतल्या खोलीत हे फळीवर होते. वळसंगहून सगळे आले होते, वहिनीही. लांबून हर्र बोला ऐकू आलं तेव्हा ह्यांनी आतून हाक मारली की खिडकी उघड. मी उठले तर हलव्याचे दाणे जमिनीवर सांडले. खिडकीतून काठ्यांचे शेंडे तेवढे दिसत होते, छपरांच्या वरून हळूहळू सरकणारे. हे पडल्या पडल्या बघत होते. मी गजाला धरून उभी राहिले. त्यांच्याकडे वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

एक वर्ष थांबायचं होतं. दोन म्हणा. माणसाच्या आयुष्यात दोन वर्षं ती काय? रॉकेलच्या रांगेत, पोरांच्या आजारपणात, कुणाच्या तरी कागदांसाठी कचेऱ्यांत खेटे घालण्यात मी त्यापेक्षा जास्त घालवली आहेत. पण सोळाव्या वर्षी दोन वर्षं फार लांब दिसतात, आणि शेजारणी फार जवळ.

हे बरे झाले. म्हणजे चालायला लागले. डावा खांदा थोडा खाली राहिला. दुकानात पोतं हलवायचं तर हमाल लागे. मी पुढं बालवाडीत शिकवायला लागले, दोन मुलं झाली, संसार झाला. पन्नास वर्षांत त्यांनी मला एकदाही त्या संध्याकाळचं काही म्हटलं नाही. अण्णाला सुद्धा नाही. अण्णाच उलट म्हातारपणी ह्यांच्यापुढे बसला की खाली मान घालायचा. जेवताना ताटात भाकरी वाढताना हे ‘साकु’ म्हणाले की माझा हात जागीच थांबे. त्यांना ते कळत असणार. नंतर नंतर ते शब्द न बोलता नुसता हात आडवा धरायला लागले.

आणि दर दसऱ्याला, काका गेल्यावर, गल्लीतल्या नव्या माणसांना शिकवायला हे जाऊ लागले. हातात काठी, ती आधाराची, आणि डावा खांदा खाली. काय शिकवतात हे मी कधी विचारलं नाही. मला विचारायचं तोंड नव्हतं. लोक म्हणत, ह्यांच्या हाताखालचा एकही माणूस कधी पडला नाही.

ते जाऊन सात वर्षं झाली. आम्ही गल्ली सोडून इकडे आलो. माझा नातू महेश आता नोकरीला लागलाय. यंदा दसऱ्यापासून रोज संध्याकाळी गाडी काढून मित्राकडे जातो म्हणायचा. तीळ भाजले त्याच दिवशी तो अंघोळ करून उघडा बाहेर आला आणि त्याच्या कमरेवर मला तो वळ दिसला. लालसर, रुंद, पोटाला आडवा. काठीच्या पट्ट्याचा तो वळ मी पन्नास वर्षांनीसुद्धा अंधारात ओळखला असता. मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

कुणाला सांगू नको आज्जी, तो म्हणाला. विशेषतः आईला.

का रे, मी विचारलं.

“आजोबांचा नियम हाय. अजून सगळे पाळतात. काठी शिकतोय हे दोन वर्षं घरात सांगायचं न्हाय.” मग म्हणाला, “वाळूपेक्षा घरातल्यांची हौस जड असते म्हणायचे.”

तो सहज बोलला. त्याला काहीच माहीत नाही. पन्नास वर्षं मी वाट बघत होते की हे एकदा तरी मला बोलतील, आणि ते बोलत होते, दरवर्षी, गल्लीतल्या प्रत्येक नव्या माणसाला. फक्त मला सोडून.

मी तेल गरम केलं. महेशला पालथं झोपवून कंबर रगडली. रिकामी काठी आहे की वजनाची, किती पावलं जातोस, खरी कधी उचलणार, यातलं काहीही विचारलं नाही. तो झोपून गेला तरी माझे हात चालत होते. म्हाताऱ्या हातांत फार जोर उरलेला नाही, पण जेवढा होता तेवढा लावला.

संक्रांतीच्या दिवशी मी सुनेला म्हटलं, मला कसब्यातल्या रस्त्यावर घेऊन चल, खूप वर्षं झाली काठी बघितली नाही. महेशचं नाव काढलं नाही. कोपऱ्यावर खुर्ची मिळाली. बायका दाटीनं उभ्या होत्या. काठ्या आल्या, आणि पुढच्या एकीच्या बाजूला पांढऱ्या बाराबंदीत महेश चालत होता. कमरेत काही नाही, नुसता एक हात पुढे धरून, नजर शेंड्यावर. पायाकडे बघत नव्हता. ती बाराबंदी मी ओळखली, पेटीतून त्यानं कधी काढली कोण जाणे. कडुनिंबाच्या पाल्यात तिला साठाहून जास्त वर्षं झाली असतील. सुनेनं तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

शेजारी एक तरणी बाई उभी होती, नवीनच लग्न झालेली असावी, हलव्याचा हार होता गळ्यात. ती वाकून म्हणाली, “आज्जी, तुमचं कोण हाय त्यात?”

“नातू,” मी म्हणाले.

“लई भारी की. यंदा उचलणार का काठी?”

“न्हाय गं,” मी म्हणाले, चार बायकांना ऐकू जाईल असं. “शिकतोय अजून.”